मागच्या प्लॉटची वाट

"एक रेघ, ताई... एवढीच एक रेघ सरकव. कागदावरची तर आहे. तुझ्या पेन्सिलीला काय जड आहे?"

छोटू हे बोलला तेव्हा ताई टेबलावर वाकून घराच्या जागेचा नकाशा काढत होती, आणि त्या शब्दांनी तिचा हात जो थबकला तो थबकलाच! छोटू म्हणजे घरातलं शेंडेफळ. चाळिशी उलटली, डोक्यावरचे केस विरळ झाले, दोन मुलींचा बाप झाला, तरी घरात छोटू तो छोटूच राहिला होता. ताई त्याची थोरली बहीण. वडील अचानक गेले तेव्हा छोटू शाळेत होता आणि मधल्या अण्णाला नुकतं मिसरूड फुटलं होतं. त्याच महिन्यात ताईने स्वतःच्या लग्नाचा विषय जो मिटवला तो कायमचा, आणि एका ओळखीच्या सर्व्हेअरकडे जमिनी मोजायचं काम शिकायला लागली. उन्हातान्हात, चिखलात, लोकांच्या शिव्या आणि कुत्र्यांचे दात चुकवत तिने या दोघांना वाढवलं. आता शहरात तिचं नाव होतं. तिने रोवलेल्या हद्दीच्या दगडावर वर्षानुवर्षं भांडणारे शेजारीसुद्धा मुकाट्याने मान डोलवत.

आणि आज तिचाच छोटू तिला रेघ सरकवायला सांगत होता...

गोष्ट होती घराच्या जागेची. जागा लांबच लांब आणि चिंचोळी. पुढची कड तेवढी रस्त्याला टेकलेली, मधोमध जुनं घर, आणि मागे मोकळं पटांगण. माझे हातपाय धड आहेत तोवर वाटण्या करून टाका, असा आईने धोसरा लावला होता. पुढचा भाग अण्णाचा, मधला आई आणि ताईचा, मागचा छोटूचा, इथवर सगळं गोडीगुलाबीने ठरलं. घोडं अडलं ते पुढे. पालिकेचा नियम असा, की एका जागेचे तुकडे करायचे तर प्रत्येक तुकड्याला रस्त्यापर्यंत स्वतःची वाट हवी, चार मीटर रुंद, आणि मध्ये कुठेही ती आकसायला नको. वाट नाही तर तो तुकडा पालिकेच्या लेखी जन्मालाच आला नाही. त्यावर घर बांधायची परवानगी स्वप्नातसुद्धा मिळायची नाही. आणि वाट तर कुठूनच पुरत नव्हती! एका बाजूला अण्णाचं नवंकोरं स्वयंपाकघर पुढे आलेलं, दुसऱ्या बाजूला ताईची खोली. ताईच्या खोलीपाशी कमी पडत होतं ते अवघं हातभर. अण्णाला विचारून झालं होतं. स्वयंपाकघराच्या भिंतीला कोणी हात लावायचा नाही, असं त्याच्या बायकोने सांगितलं आणि अण्णाने ते मान खाली घालून ऐकलं.

"पलीकडे मास्तरांची जागा नुसती पडून आहे," छोटू म्हणाला. "गुडघाभर गवत वाढलंय. त्यातली हातभर इकडे आली तर कुणाचं काय वाटोळं होणार आहे?"

"छोटू, ती रेघ माझी नाही रे. ती मास्तरांची आहे."

"परक्याच्या गवताची तुला काळजी. आणि माझ्या पोरी? एका खोलीत चौघं झोपतो आम्ही, एकीने कूस बदलली की दुसरी जागी होते, हे तुला दिसत नाही?" त्याचा आवाज चिरका झाला. "राहू दे, ताई. कळलं मला. मी मागे वेगळा राहायला गेलो तर तू हुकूम कुणावर चालवणार? तुला माझं घर व्हायलाच नकोय."

आणि तो निघून गेला... ताई तशीच उभी राहिली. जिच्या ओंजळीतून तो पाणी प्यायला, जिने स्वतःची पोळी मोडून त्याच्या ताटात टाकली, तिला आज हे ऐकावं लागलं! तिचे डोळे भरून आले, पण नकाशावर पाणी सांडू नये म्हणून ती आधी टेबलापासून दूर झाली आणि मग रडली.

त्या दिवसापासून छोटूने ताईशी अबोला धरला. एका छपराखालचा अबोला फार वाईट! परक्याशी भांडलं तर रस्ता बदलता येतो. इथे मोरीपाशी, जिन्यात, आईच्या खाटेशी, जिथे तिथे तोंड समोर. छोटू बायकोकरवी बोलायचा. ताई दोन हातांवर बसलेली असताना तो बायकोला म्हणायचा, त्यांना सांग, त्यांचा फोन वाजतोय. ती बिचारी धाकटी सून ताईकडे वळून खरंच सांगायची, ताई, तुमचा फोन वाजतोय. आईला याचं आधी हसू आलं, मग राग आला, आणि शेवटी तिनेही जेवताना बोलणं सोडून दिलं.

ताईने मात्र मनाशी ठरवून टाकलं होतं. अबोल्याच्या तिसऱ्या की चौथ्या दिवशी तिने आपल्या खोलीच्या मध्यावर उभं राहून भिंतीकडे पाहिलं. ही भिंत पाडली की हातभर मिळतं. वाट पुरी होते. खोली मुळातच अरुंद, भिंत गेली की उरणार नुसती बोळकांडी, तिथे ना खाट मावणार ना टेबल. म्हणजे खोली गेलीच. या खोलीत ती पंचवीस वर्षं निजली होती, इथेच शहरातल्या शेकडो लोकांच्या घरांना तिने हद्दी आखून दिल्या होत्या, आणि दार लावून घेतलं की जगात तिची म्हणावी अशी हीच काय ती जागा होती... पण छोटूच्या पोरी? तिने आईला तेवढं सांगितलं, की मी तुझ्या खोलीत खाट टाकीन. आई म्हणाली, आधी त्या गाढवाला सांग.

तिने सांगितलं नाही! इथे ताईचंही चुकलं. एवढ्या सगळ्यावर उदक सोडायला निघालेली ही बाई, पण मन म्हणून काही असतंच ना? एकदा, फक्त एकदा त्याने दाराशी येऊन "ताई" म्हणावं, मग मी सांगीन, असा हट्ट धरून ती बसली. आईलाही तिने शपथ घातली. तो येईल, आज येईल, उद्या येईल, करता करता पालिकेचे अधिकारी जागेवर येऊन खुणा तपासण्याचा दिवस उजाडला, आणि तो आलाच नाही.

त्या सकाळी ताईने एकटीने खाट उभी करून आईच्या खोलीत नेली, टेबल कोपऱ्यात सरकवलं, नकाशातल्या मापांनी दोरी ताणली, आणि चुन्याची फक्की घेऊन रस्त्यापासून मागच्या पटांगणापर्यंत वाटेची पांढरी रेघ मारली. रेघ बाहेरच्या भिंतीला भिडली तशी ती आत गेली आणि स्वतःच्या खोलीच्या फरशीवरही रेघ मारली. रेघ सरळ आली.

अधिकारी साहेब दहाच्या सुमाराला आले. कडक माणूस, पण ताईला वर्षानुवर्षं ओळखणारा. बरोबर दोन मदतनीस, तिपाई आणि मोजणीची दुर्बीण. शेजारचे मास्तरही काठी टेकत आपल्या हद्दीवर येऊन उभे राहिले. शाळा सोडून जमाना झाला तरी त्यांचा चेहरा अजून प्रश्नपत्रिका वाटायला आल्यासारखाच होता. अण्णा पायरीवर, आई खिडकीत, धाकटी सून दारात. छोटू सगळ्यांच्या मागे. रात्रभर झोपला नसावा असे त्याचे डोळे होते.

"वाट दाखवा," साहेब म्हणाले.

ताई पुढे चालू लागली. रेघेबरोबर सगळे चालले, भिंतीपाशी थांबले, आणि ताईने आपल्या खोलीचं दार उघडलं. कोपऱ्यातलं टेबल सोडलं तर खोली रिकामी. भिंतीपासून हातभर आत, फरशीवर पांढरी रेघ...

साहेबांनी रेघेकडे पाहिलं, मग ताईकडे. "ही भिंत पाडणार? खोली तुमचीच ना, बाई?"

"हो. धाकट्याला वाट हवी. माझं काय, आईच्या खोलीत एक खाट मावते."

ती हे शक्य तितक्या साध्या आवाजात म्हणाली आणि म्हणताना तिने छोटूकडे चोरून पाहिलं. तिला वाटलं होतं त्याचा चेहरा उजळेल, निदान मऊ तरी होईल. पण छोटू पांढराफटक पडला होता! फरशीवरच्या त्या रेघेकडे तो एकटक बघत होता. तो काहीतरी बोलायला पुढे झाला. याला झालंय तरी काय, एवढंच तिच्या मनात आलं, आणि तेवढ्यात साहेब म्हणाले, "चला, हद्दीचे दगड बघू."

मास्तरांच्या बाजूच्या हद्दीवर तीन दगड होते. एक रस्त्याला, एक मागे, आणि एक मध्ये, बरोबर ताईच्या खोलीसमोर. ताईने ते स्वतः रोवले होते. साहेबांनी पुढच्या दगडावर तिपाई लावली, मदतनीस मधल्या दगडावर काठी धरून उभा राहिला. साहेबांनी दुर्बिणीत पाहिलं, आकडे वाचले, पुन्हा पाहिलं. मग मागच्या दगडावरून बघितलं. मान वर केली तेव्हा त्यांच्या कपाळावर आठी होती.

"बाई, हा दगड हातभर मास्तरांच्या जागेत आहे."

मास्तरांनी काठी आपटली. ताईचा स्वतःच्या कानांवर विश्वास बसेना. तिचा दगड? तिचा? तिने खाली पाहिलं. दगडाभोवतीची माती भुसभुशीत होती, वर पसरलेलं गवत उपटून आणलेलं होतं आणि उन्हाने मलूल व्हायला लागलं होतं. साहेबांनी मदतनीसाला अलीकडे, दुर्बीण दाखवत होती तिथे खणायला सांगितलं. वीतभर खाली कोळसा लागला. जुन्या रीतीने काम करणारे सर्व्हेअर दगड रोवण्याआधी तळाशी ओंजळभर कोळसा घालतात. दगड कोणी हलवला तरी कोळसा कुजत नाही, मूळ जागा सांगतो. ताईची ही रीत सगळ्या पालिकेला ठाऊक होती.

"आता तो दगड काढा," साहेब म्हणाले.

दगड निघाला. त्याच्याखालीही कोळसा होता. काळाकुळकुळीत, ताजा.

मास्तरांना आणि अण्णाला काही उमगलं नाही, पण साहेबांना उमगलं आणि ताईलाही... हद्दीचा दगड चोरून हलवणारा माणूस खाली कोळसा कशाला घालेल? ज्याच्या हाताला ती सवयच लागली असेल तोच घालेल. शाळेला सुट्टी पडली की छोटू तिच्याबरोबर कामावर यायचा. ती खड्डा करायची आणि तो दोन्ही हात काळे करून कोळसा भरायचा, आणि एकदा विसरला तेव्हा तिने त्याला सबंध दगड पुन्हा उपसायला लावला होता. वेड्या, अरे वेड्या! चोरी करायला गेलास तीसुद्धा माझ्या शिकवणीने! हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. आदल्या संध्याकाळी तो कुदळ धुताना तिला दिसला होता, आणि अबोला होता म्हणून तिने विचारलं नव्हतं.

तिने वळून पाहिलं नाही. पाहिलं असतं तर साहेबांनीही तिच्या नजरेमागे पाहिलं असतं.

"कोळसा घालून दगड कोण रोवतं, बाई?" साहेब हळू आवाजात म्हणाले. "मी नीट सांगतो, नीट ऐका. कोणी मुद्दाम दगड हलवला असेल तर विभागणीची फाईल आज बंद होईल आणि चौकशी लागेल. सर्व्हेअरच्या हातून चुकला असेल तर दुसऱ्याकडून मोजणी करून घेता येईल, फाईल चालू राहील. पण त्या सर्व्हेअरचा परवाना जाईल. तुम्हाला हे मी सांगायला नको."

ताईच्या डोळ्यांपुढे सगळं एकदम उभं राहिलं. फाईल बंद म्हणजे मागचा प्लॉट गेला, पोरींचं घर गेलं, आणि छोटूच्या नावामागे चौकशी. परवाना गेला तर... तर काय? खोली दिलीच होती, आता काम द्यायचं. नाव द्यायचं. लोक म्हणतील, ती? अहो, तिने शेजाऱ्याची जमीन दाबली! पण दगड त्याने हलवला तो कुणामुळे? मी एका शब्दाने सांगितलं असतं की बाळा, भिंत पाडतेय, तर त्याने कुदळ उचलली असती का? माझ्या मानापायी, माझ्या त्या मेल्या हट्टापायी...

"माझ्या हातून चुकला, साहेब," ती म्हणाली. "तपासायला काढला होता. परत रोवताना जागा चुकली."

साहेब तिच्याकडे बघतच राहिले. "तुमच्या हातून?"

"वय झालं. होतं असं."

खिडकीतून आईने तोंडावर पदर दाबला. आईला काही माहीत नव्हतं, पण लेकीचा खोटं बोलतानाचा आवाज आईला कळतो. साहेबांनी सुस्कारा टाकला, खिशातून पेन काढलं, कागद तिपाईवर टेकवला आणि लिहायला लागले. ताईने नजर त्या पेनावर खिळवली. लवकर लिहा, तिच्या मनात चाललं होतं, लवकर लिहा आणि मला सही करू द्या, म्हणजे सुटेन. कागद पुढे आला. तिने पेन घेतलं.

"सही करू नकोस, ताई."

किती दिवसांनी तिने हा शब्द त्याच्या तोंडून ऐकला होता! पण तिने ओठ घट्ट मिटले आणि मागे न वळता म्हणाली, "तू मध्ये पडू नकोस. घरात जा."

"नाही जात." छोटू पुढे आला. त्याने तिच्या बोटांतून पेन काढून घेतलं. "साहेब, दगड मी हलवला. काल संध्याकाळी. हिला ठाऊकसुद्धा नव्हतं. हिने रेघ सरकवायला नकार दिला म्हणून मी दगडच सरकवला."

"छोटू..."

"लहानपणापासून मी सांडायचं आणि तू पुसायचं, हेच चाललंय ना आपलं? एवढं एक मला पुसू दे." आणि तो दणकट, टक्कल पडू लागलेला माणूस सगळ्यांदेखत ढसाढसा रडायला लागला. "तू स्वतःची भिंत पाडायला निघालीस आणि मी... मी तुला काय काय बोललो गं!"

ताईने त्याला जवळ ओढलं. इतक्या दिवसांचं साठलेलं सगळं वाहून गेलं. ती रडली, तो रडला, दारातली धाकटी सून रडली, आणि मास्तर घसा खाकरून आपल्या गवताकडे बघत उभे राहिले. साहेबांनी पहिला कागद फाडला आणि दुसरा लिहिला. फाईल बंद. छोटूला दंड, चौकशी, आणि ती संपेपर्यंत विभागणीचा नवा अर्ज नाही. म्हणजे वर्ष दोन वर्षांची निश्चिंती. मग ते ताईकडे वळले आणि खोटं सांगितल्याबद्दल त्यांनी तिला असं काही सुनावलं, की तिने उभ्या आयुष्यात कुणाचं एवढं ऐकून घेतलं नव्हतं. परवाना मात्र त्यांनी राहू दिला. जाताना म्हणाले, घरच्या कामाला यापुढे हात लावू नका, बाई. मास्तरांनी दगड आपल्या डोळ्यांसमोर जागच्या जागी बसवून घेतला आणि माझं भांडण संपलं असं जाहीर केलं.

माणसं गेली. मागच्या पटांगणाकडे कोणी बघेना. तिथे आता काही उभं राहणार नव्हतं, निदान इतक्यात तरी नाही. छोटू पायरीवर डोकं धरून बसला होता. ताई त्याच्याजवळून आत गेली आणि धाकट्या सुनेला म्हणाली, पोरींच्या गाद्या आण, आजपासून दोघी माझ्या खोलीत झोपतील.

छोटू ताडकन उठला. "नाही, ताई. तुझी खोली मी घेणार नाही. कोणत्या तोंडाने घेऊ?"

"तू कुठे घेतोयस? पोरी घेतायत. आणि तशीही मी ती आज पाडायलाच काढली होती. पाडायची ती वापरली तर काय बिघडलं?"

"मी एवढं केलं, आणि वर..."

"तू दगड हलवलास, मी तोंड उघडलं नाही. दोघांचा सारखाच वाटा." तिने आवाज मुद्दाम कडक केला. "ताई म्हणतोस ना मला? मग ऐक. माझं टेबल बाहेर काढ."

त्याने डोळे पुसले आणि टेबलाची एक बाजू धरली. दुसरी बाजू धरायला अण्णा पायरीवरून उठून आला. बायकोकडे त्याने पाहिलं नाही. नुसतं टेबल उचललं. दोघं भाऊ ते जड टेबल सांभाळत आईच्या खोलीत आले आणि तिथे अडून उभे राहिले, कारण ताईची टेबलाबद्दलची शिस्त दोघांनाही ठाऊक होती. खिडकीपासून किती, भिंतीपासून किती, उजेड कोणत्या खांद्यावरून, सगळं ती टेप लावून सांगायची, आणि बोटभर इकडचं तिकडे झालं तर परत उचलायला लावायची.

"कुठे ठेवू, ताई?" छोटूने विचारलं. "भिंतीपासून किती?"

ताई दारात उभी होती. मागे तिच्या खोलीत पोरींची गाद्यांवरून ओढाओढ सुरू झाली होती, धाकटी हट्टाने खिडकीची बाजू मागत होती, थोरली देत नव्हती. ताईने घटकाभर तिकडे कान दिला. मग तिने जन्मभर लोकांच्या जमिनी मोजलेले हात पदराला पुसले.

"ठेव रे कुठेही," ती म्हणाली.

दोघांनी ते आईच्या खाटेशेजारी ठेवलं.